सायक्लिकटेस्ट ३१ मायक्रोसेकंद दाखवते, तरी आवाज का तुटतो?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांसाठी तुम्ही एक छोटा संगणक तयार केला आहे. गायकाचा आणि ऑर्गनचा माइक युएसबी ऑडिओ इंटरफेसमधून आत येतो, जॅक या साउंड सर्व्हरवर (आवाज एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम) इक्वलायझर, कंप्रेसर, रिव्हर्ब लागतो आणि आवाज गायकासमोरच्या मॉनिटरला जातो. ४८००० हर्ट्झ, ६४ फ्रेम्सचा पीरियड (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा), बफरमध्ये असे २ पीरियड. लिनक्स कर्नल ६.१२, प्रीएम्प्ट-आरटी ही रिअल-टाइमची सोय चालू करून तुम्ही स्वतः बांधलेला. कर्नलचा विलंब मोजणारी सायक्लिकटेस्ट रात्रभर चालवली, कमाल आकडा ३१ मायक्रोसेकंद. त्या रात्री जॅकही चालू होता आणि एकही एक्सरन, म्हणजे आवाजाची मुदत चुकल्याची नोंद, आला नाही. तरी प्रत्यक्ष कार्यक्रमात दहा-पंधरा मिनिटांनी एकदा कडकड होते, आणि तीही नेमकी शांत जागी. कर्नल रिअल-टाइम आहे, आकडे उत्तम आहेत, मग दोष कुठे आहे, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सोळा वर्षं एम्बेडेड लिनक्सवर काम करतो आहे, त्यातली निम्मी ऑडिओच्या उपकरणांवर गेली. हा प्रश्न दर वर्षी दोन-तीनदा तरी माझ्यापर्यंत येतो. तुमच्या यंत्राला हात न लावता ठाम निदान करता येणार नाही. प्रोसेसर कोणता, बायोस कोणाचा, इंटरफेस कोणत्या युएसबी कंट्रोलरवर आहे, यावर बरंच अवलंबून असतं. पण एक गोष्ट मी खात्रीने सांगतो: दोष जिथे आहे, त्या वाटेने तुमची चाचणी गेलेलीच नाही. आणि तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, ते म्हणजे चाचणी चालू असताना रात्रभर एकही एक्सरन आला नाही.

आधी मुदतीचा हिशोब करू. ६४ फ्रेम्स भागिले ४८००० म्हणजे १.३३ मिलिसेकंद. दर १.३३ मिलिसेकंदांनी नवा पीरियड येतो आणि तेवढ्यात इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक), जॅक आणि सगळे इफेक्ट यांचं काम उरकून आवाज परत कार्डाच्या हवाली व्हायला हवा. सेकंदाला अशा ७५० मुदती. अडीच तासांच्या कार्यक्रमात साडेसदुसष्ट लाख. त्यातली एक चुकली तरी पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू येतं. म्हणून या कामात सरासरीला काही किंमत नाही, सगळ्यात वाईट वेळ काय होती तेवढंच बघायचं. आता ३१ मायक्रोसेकंद हे १३३३ च्या अडीच टक्केही नाहीत. त्यामुळे मुदत चुकते तेव्हा जे घडतं ते सायक्लिकटेस्टला दिसलेल्या विलंबाच्या कित्येक पट मोठं आहे. इतकं मोठं काहीतरी रात्रभर दिसलंच नाही, याचा अर्थ एकतर ते त्या रात्री घडत नव्हतं, किंवा सायक्लिकटेस्टच्या नजरेच्या टप्प्यात नव्हतं. माझ्या मते तुमच्याकडे दोन्ही आहे.

सायक्लिकटेस्ट नक्की काय करते? ती प्रोसेसरच्या टायमरला सांगते, मला अमुक वेळी उठव. मग उठल्यावर घड्याळ बघते आणि किती उशीर झाला ते नोंदवते. बस. तिच्यात युएसबी नाही, साउंड ड्रायव्हर नाही, जॅक नाही, तुमचा रिव्हर्ब नाही. शिवाय बहुतेक जण ती ८० ते ९९ प्राधान्याने चालवतात, तर जॅक २ काही न सांगता सुरू केला की रिअल-टाइम प्राधान्य १० घेतो. आरटी कर्नलमध्ये जवळपास प्रत्येक इंटरप्टचं काम स्वतंत्र थ्रेडमध्ये होतं आणि त्या थ्रेडना मुळात ५० प्राधान्य असतं. म्हणजे तुम्ही मोजली ती ५० च्या वरची गाडी, आणि तुमचा आवाज चालला आहे वायफाय, डिस्क, ग्राफिक्स या सगळ्यांच्या मागून.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. सायक्लिकटेस्ट सुरू होताना देव्ह निर्देशिकेतली सीपीयू-डीएमए-लेटन्सी नावाची फाइल उघडते, तिच्यात शून्य लिहिते आणि चाचणी संपेपर्यंत ती फाइल उघडीच ठेवते. त्या शून्याचा अर्थ कर्नलच्या दृष्टीने असा, की कोणत्याही कोअरला गाढ झोपू देऊ नका. चाचणी संपली, फाइल बंद झाली, की कोअर पुन्हा झोपायला मोकळे. तुमची रात्र निर्वेध गेली ती बहुधा यामुळेच. चाचणीने नुसतं मोजलं नाही, यंत्राची स्थितीच बदलून टाकली होती.

झोपेची खोली किती महागात पडते, याचं एक उदाहरण देतो. इंटेलच्या स्कायलेक पिढीसाठी कर्नलमध्ये जो तक्ता आहे, त्यात सी-१ अवस्थेतून जागं व्हायला २ मायक्रोसेकंद धरले आहेत, सी-६ मधून ८५, सी-८ मधून २००, आणि सी-१० मधून ८९०. तुमच्या १३३३ मधून ८९० गेले तर उरतं काय? तुमच्या प्रोसेसरचे आकडे वेगळे असतील. प्रत्येक कोअरच्या सीपीयूआयडल निर्देशिकेत प्रत्येक अवस्थेसाठी लेटन्सी नावाची फाइल असते, ती उघडून बघा. कोअरला किती गाढ झोपू द्यायचं हे ठरवणाऱ्या गव्हर्नरला पुढचा टायमर कधी वाजणार ते ठाऊक असतं, पण युएसबीचा इंटरप्ट कधी येणार हे ठाऊक नसतं. तो मागच्या अनुभवावरून अंदाज बांधतो. हजारो वेळा अंदाज बरोबर येतो, एकदा चुकतो. दहा-पंधरा मिनिटांतून एकदा होणारी कडकड याच्याशी जुळते. त्यात जॅक २ एकमेकांवर अवलंबून नसलेले क्लायंट (जॅकला जोडलेले प्रोग्रॅम, जसे तुमचे इफेक्ट) वेगवेगळ्या कोअरवर चालवतो. मुख्य कोअर जागा असेल, पण ज्या कोअरवर रिव्हर्ब जाऊन पडला तो गाढ झोपेत असू शकतो.

तपासणी सोपी आहे. सायक्लिकटेस्टला डीफॉल्ट-सिस्टिम हा पर्याय देऊन पुन्हा चालवा, म्हणजे ती यंत्राच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करणार नाही. कमाल आकडा ३१ वरून दोनशे-तीनशेच्या पुढे गेला तर चोर सापडला. मग उलट बाजूने खात्री करा: ती फाइल उघडून आकडा लिहा, उघडीच धरून ठेवा, आणि जॅक चालवा. इथे एक चूक फार जण करतात. एको करून फाइलमध्ये शून्य पाठवतात आणि काम झालं समजतात. एको लिहितो आणि फाइल बंद करतो, आणि ज्या क्षणी फाइल बंद होते त्याच क्षणी तुमची अट रद्द होते. त्यामुळे पाच-दहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहा, जो लिहून झाल्यावर तसाच बसून राहील. आणि शून्य लिहू नका, २० लिहा. शून्याने प्रोसेसर अजिबात न झोपता गरगर फिरत राहतो. तुमचा संगणक बिनपंख्याचा आहे, मे महिन्यात बंद रंगमंचाशेजारी तो तापेल आणि तापला की स्वतःहून वेग कमी करेल. म्हणजे पुन्हा कडकड. २० लिहिल्यावर उथळ झोपेला परवानगी राहते, आणि आवाजाला तेवढं पुरतं.

सोबत प्रोसेसरच्या वेगाचा गव्हर्नरही परफॉर्मन्सवर ठेवा. यावर जास्त लिहीत नाही.

काही गोष्टी पुढे जाण्याआधी पडताळून घ्याच, कारण मी स्वतः त्यांच्यावर दिवस घालवले आहेत. युनेम कमांडच्या उत्तरात प्रीएम्प्ट-आरटी हे नाव दिसतं का? जॅकचे आणि क्लायंटचे थ्रेड खरोखर फिफो या रिअल-टाइम वर्गात आहेत का? पीएस कमांडने थ्रेडनिहाय यादी काढून वर्गाच्या रकान्यात एफएफ दिसलं पाहिजे. मेमलॉक (किती मेमरी अडवून ठेवता येते) आणि आरटीप्रायो (किती वरचं रिअल-टाइम प्राधान्य घेता येतं) या मर्यादा ऑडिओ गटाला दिल्या आहेत, पण तुमचा वापरकर्ताच त्या गटात नाही, असं अनेकदा निघतं. मग जॅक निमूटपणे साध्या प्राधान्याने चालतो. आणि कर्नल स्वतः बांधला असल्यामुळे, लॉकची तपासणी करणारे डीबगचे पर्याय चालू राहिले नाहीत ना ते बघा. ते चालू असले तर आरटी असूनही यंत्र जड चालतं.

आता फर्मवेअरचा संशय. काही बोर्डांवर बायोस अधूनमधून प्रोसेसर पूर्ण ताब्यात घेतो, तापमान बघायला किंवा जुन्या युएसबी कीबोर्डची नक्कल करायला. त्याला एसएमआय म्हणतात. तेवढा वेळ कर्नलला वेळ गेल्याचंही कळत नाही, त्यामुळे कर्नलमध्ये कितीही सुधारणा केली तरी यावर इलाज होत नाही. एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट हे साधन इंटरप्ट बंद करून घड्याळ सतत वाचत बसतं आणि मध्ये वेळ गायब झाला की सांगतं. तुमच्या रात्रभराच्या ३१ च्या आकड्यामुळे हा संशय माझ्या मनात खूप मागे पडतो, कारण एसएमआय सायक्लिकटेस्टलाही चुकवता येत नाही. पण तुमची चाचणी घरी, थंड खोलीत झाली. म्हणून यंत्र तापलेलं असताना अर्धा तास हे साधन चालवा. त्यात काही दिसलं तर बायोसमध्ये युएसबी लेगसी सपोर्ट बंद करून बघा. तरीही जात नसेल तर बोर्ड बदला. हे ऐकायला कठोर वाटतं, पण एका बोर्डासाठी मी पाच आठवडे घालवले आहेत आणि शेवटी दुसरा बोर्ड लावल्यावर एका संध्याकाळी प्रश्न संपला.

यानंतर प्राधान्यांची उतरंड. प्रॉक निर्देशिकेतली इंटरप्ट्स फाइल उघडा आणि तुमचा इंटरफेस ज्या एक्सएचसीआय (युएसबी) कंट्रोलरवर आहे त्याची ओळ शोधा. त्या कंट्रोलरवर आणखी काय काय लटकलं आहे? ब्लूटूथ, वेबकॅम, पेनड्राइव्ह सगळे एकाच इंटरप्टवर असतील तर त्यांचं काम तुमच्या आवाजाच्याच थ्रेडमध्ये होतं. इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावून बघा. एकाच यंत्रावर दोन पोर्ट दोन वेगळ्या कंट्रोलरवर असू शकतात. मग त्या कंट्रोलरच्या इंटरप्ट-थ्रेडला ८५ च्या आसपास प्राधान्य द्या, जॅकला ७५, त्याचे क्लायंट आपोआप थोडे खाली राहतात, आणि बाकीचे इंटरप्ट ५० वरच राहू द्या. हे हाताने सीएचआरटी या कमांडने करता येतं, किंवा आरटीआयआरक्यू नावाची स्क्रिप्ट मशीन सुरू होताना करून देते. समान प्राधान्याच्या फिफो थ्रेडमध्ये कोणी कोणाला हटवत नाही, जो चालू आहे तो आपण होऊन थांबेपर्यंत दुसरा वाट बघतो. म्हणून सगळे ५० वर ठेवणं ऑडिओसाठी बरोबर नाही.

इथे एक बारकावा आहे जो सहसा कोणी सांगत नाही. युएसबीच्या इंटरप्टनंतर उरलेलं काम सॉफ्टआयआरक्यूमध्ये होतं. आरटी कर्नलमध्ये ६.१२ च्या सुमारास त्या कामाला प्रत्येक कोअरमागे एक कुलूप आहे. त्याच कोअरवर नेटवर्क कार्डाचं सॉफ्टआयआरक्यू आधीच कुलूप धरून पाकिटं उपसत असेल, तर तुमचा ८५ चा थ्रेड त्याच्यासाठी खोळंबतो. कर्नल त्या नेटवर्कच्या कामाचं प्राधान्य तात्पुरतं वाढवून ते लवकर संपवायला लावतो, पण थांबावं तर लागतंच. त्यामुळे नेटवर्कचा इंटरप्ट एका कोअरला बांधा आणि ऑडिओच्या युएसबीचा दुसऱ्या. कार्यक्रमात वायफाय लागतच नसेल तर ते पूर्ण बंद करा, हे त्याहून चांगलं.

एवढं करूनही एक्सरन राहिले तर अंदाजाने एकेक बटण फिरवणं थांबवा. इंटरनेटवर ऑडिओसाठीच्या ट्यूनिंगच्या लांब याद्या मिळतात. त्या एकदम लावल्या की दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. काही कोअर बाकी कामांपासून वेगळे काढणाऱ्या आयसोलसीपीयूज या पर्यायाचंच बघा. कोअर वेगळे काढले की त्यांच्यावरचे थ्रेड आपोआप वाटले जात नाहीत, जॅकचे सगळे क्लायंट एकाच कोअरवर गर्दी करतात आणि दुसरा रिकामा बसतो. मी हे बघितलेलं आहे.

त्याऐवजी चुकलेला क्षण पकडा. कर्नलमध्ये एफट्रेस ही घटनांची नोंद ठेवणारी सोय आहे, आणि एक्सरनच्या तपासणीचा पर्याय घालून कर्नल बांधला तर साउंडच्या घटनांमध्ये एक्सरन नावाची घटना मिळते. तुमचा कर्नल तुम्हीच बांधता, त्यामुळे हे तुमच्या हातात आहे. थ्रेड जागा होणे, थ्रेड बदलणे, इंटरप्ट सुरू होणे-संपणे, कोअर झोपणे-उठणे, एवढ्या घटना चालू करा. मग एक्सरनच्या घटनेच्या ट्रिगर फाइलमध्ये ट्रेसऑफ लिहून ठेवा. आता यंत्र तासन् तास चालू द्या. नोंदवही गोल फिरत राहते, जुनं पुसत नवं लिहिते, आणि एक्सरन झाला की त्याच क्षणी थांबते. कडकडीच्या आधीच्या काही मिलिसेकंदांत काय घडलं ते जसंच्या तसं तुमच्या हातात येतं.

वाचायचं कसं? निरोगी आवर्तन माझ्या टेबलावरच्या यंत्रावर असं दिसतं: इंटरप्ट आला तो क्षण शून्य धरला, तर ८ मायक्रोसेकंदांनी इंटरप्टचा थ्रेड चालू, २२ ला जॅकला जाग, २७ ला जॅक कोअरवर, ३५ ला पहिला क्लायंट, ४१० ला सगळं संपलं, पुढचे नऊशे मायक्रोसेकंद शांतता. बिघडलेल्या आवर्तनात यातली एक फट फुगलेली असते, आणि कोणती फट फुगली आहे त्यावरून निदान होतं. इंटरप्टच उशिरा आला असेल तर हार्डवेअर, एसएमआय किंवा झोप. थ्रेडला जाग आली पण कोअर मिळायला वेळ लागला असेल तर प्राधान्याचा किंवा कर्नलमधल्या एखाद्या लांब टप्प्याचा प्रश्न, आणि त्या वेळात कोअरवर कोण बसलं होतं त्याचं नावच तिथे लिहिलेलं असतं. क्लायंट चालता चालता मध्येच झोपी गेला असेल तर त्याने कोणाचं तरी कुलूप मागितलं, किंवा फाइलला हात लावला. एका उपकरणात ऑडिओच्या कॉलबॅकमधून (दर पीरियडला चालणाऱ्या कोडमधून) लॉगची एक ओळ मेमरी कार्डावर लिहिली जात होती. कार्ड मधूनच अडायचं आणि आवाज तुटायचा. ती एक ओळ काढली आणि दोष गेला. आणि शेवटची शक्यता, क्लायंट झोपला नाही, त्याला कोणी हटवलं नाही, तो नुसता चालतच राहिला.

या शेवटच्या शक्यतेवर थोडं थांबतो, कारण तुम्ही "शांत जागी" असं लिहिलं आहे. त्याचा एक साधा अर्थ असा, की कडकड नेहमीच होते पण गाणं भरात असताना ती झाकली जाते. जॅकच्या लॉगमधल्या एक्सरनच्या वेळा कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा, लगेच कळेल. एक्सरन खरंच शांततेतच गोळा झालेले असतील, तर पुढची गोष्ट वाचा.

पुण्यात साउंड सांभाळणाऱ्या एका मित्राकडे तुमच्यासारखंच यंत्र होतं. पद संपलं, गद्य प्रवेश सुरू झाला, की थोड्या वेळाने मॉनिटरमधून चार-पाच सेकंद कडकड यायची आणि आपोआप थांबायची. आम्ही दोन आठवडे कर्नलच्या मागे लागलो, तीन वेगवेगळे कर्नल बांधले, वायफाय काढलं, पोर्ट बदलले. फरक शून्य. शेवटी ट्रेस घेतला. त्यात इंटरप्ट वेळेवर, जॅक वेळेवर, आणि रिव्हर्बचा क्लायंट, जो एरवी ३८० मायक्रोसेकंदांत संपायचा, तो १९०० घेत होता. मध्ये कोणीही आलेलं नाही. नुसती गणितं चालू.

मग मी घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी बसलो. पद संपल्यावर तो गायकाचा चॅनल म्यूट करायचा. म्यूटपासून कडकड सुरू होईपर्यंत पंचवीस सेकंद. पुन्हा केलं, पुन्हा पंचवीस. माइक उघडा असतो तेव्हा त्यातून हलकी खरखर कायम येत असते, त्यामुळे रिव्हर्बच्या आतला आकडा कधी फार लहान होत नाही. म्यूट केल्यावर आत शुद्ध शून्य जायला लागतं आणि रिव्हर्बची शेपूट विरत जाते, संपत मात्र नाही. त्याचा रिव्हर्ब दोन सेकंदांचा होता, म्हणजे दोन सेकंदांत ६० डेसिबल उतरणारा. सिंगल प्रिसिजनमधली सगळ्यात लहान साधी संख्या डेसिबलमध्ये साधारण उणे ७५८ येते. ७५८ भागिले ६०, गुणिले २: पंचवीस सेकंद. त्याच्या खाली डीनॉर्मल, म्हणजे नेहमीच्या मांडणीत न बसणाऱ्या अतिलहान संख्यांचा प्रदेश सुरू होतो, आणि त्याच्या त्या जुन्या प्रोसेसरला अशा संख्येची एक क्रिया करायला शंभराहून जास्त आवर्तनं लागायची. आणखी १३८ डेसिबल, म्हणजे साडेचार सेकंदांनी, संख्या खरोखर शून्य होते आणि कडकड थांबते. घड्याळ आणि कागदावरचा हिशोब जुळला तेव्हा आम्ही दोघं काही वेळ बोललोच नाही.

उपाय दोन बिटांचा होता. प्रोसेसरच्या नियंत्रक रजिस्टरमध्ये डीनॉर्मल संख्यांना शून्य समजण्याची सोय असते, आत येणाऱ्यांसाठी एक बिट आणि निघणाऱ्यांसाठी एक. ती कॉलबॅक चालवणाऱ्या थ्रेडमध्येच लावली गेली आहे याची खात्री करा, कारण ती प्रत्येक थ्रेडची स्वतंत्र असते. रिव्हर्बचा कोड तुमच्या हातात नसेल तर त्याच्या आधी ऐकू न येणारी बारीक खरखर मिसळली तरी काम होतं. तुमच्याकडे हेच आहे का, हे बघायला ट्रेसही लागत नाही: चॅनल म्यूट करा, घड्याळ लावा, आणि जॅकचा डीएसपी लोड (मुदतीतला किती वेळ गणितात जातो) बघत बसा.

ट्रेस हाताने वाचणं जमत नसेल तर आरटीएलए हे साधन वापरा. त्यातला टायमरलॅट ठरावीक मर्यादा ओलांडली की स्वतःच थांबतो आणि उशीर इंटरप्टमुळे झाला, थ्रेडमुळे झाला की कशामुळे, ते मराठी शाळेतल्या गणितासारखं पायरीपायरीने मांडून देतो. हे साधन डॅनियल ब्रिस्टॉट डी ऑलिव्हेरा यांनी घडवलं. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ६.१२ बाहेर पडला आणि वीस वर्षं बाहेर सांभाळलेलं प्रीएम्प्ट-आरटी मुख्य कर्नलचा भाग झालं. ते हे बघायला असायला हवे होते. टायमरलॅटही टायमरच मोजतो, त्यामुळे युएसबीच्या वाटेचं उत्तर त्यातून मिळणार नाही, पण कर्नलच्या आत कोण अडवतं हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं कोणी सांगत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, की ३१ मायक्रोसेकंदांचा कर्नल असून गायकाला आवाज काही मिलिसेकंद उशिरा का मिळतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्नलचा विलंब म्हणजे मुदतीच्या आत काम सुरू व्हायला लागलेला वेळ. गायकाला जाणवतो तो बफरचा विलंब, आणि तो तुम्हीच ठरवलेला आहे: आत येताना एक पीरियड, बाहेर जाताना एक, जॅक २ नेहमीच्या असिंक्रोनस पद्धतीत आणखी एक धरतो. तीन गुणिले १.३३ म्हणजे ४ मिलिसेकंद, त्यावर युएसबी आणि कन्व्हर्टरचा वेळ. आरटी कर्नल हा आकडा कमी करत नाही. लहान बफर निभावून नेणं तो शक्य करतो. खरा आकडा हवा असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा आणि जॅक-आयओडिले चालवा.

आणि युएसबीवर २ पीरियड ठेवू नका, ३ ठेवा. तुमचा इंटरफेस फुल-स्पीड असेल तर युएसबी दर मिलिसेकंदाला एक पाकीट पाठवतं, म्हणजे ४८ फ्रेम्स. ६४ ला ४८ ने भाग जात नाही, त्यामुळे पीरियड कधी एका पाकिटात पुरा होतो, कधी दोन लागतात, आणि दोन पीरियडांच्या बफरमध्ये हा हेलकावा सामावायला जागाच उरत नाही. हाय-स्पीड इंटरफेसमध्ये पाकीट १२५ मायक्रोसेकंदांचं असतं, तिथे हा त्रास बराच कमी. तिसऱ्या पीरियडने वाढतात १.३३ मिलिसेकंद, आवाज हवेतून तेवढ्या वेळात साधारण ४६ सेंटिमीटर जातो. गायकाने मॉनिटरपासून अर्धं पाऊल मागे सरकण्याएवढाच तो फरक आहे.

येत्या शनिवारी तुमचा प्रयोग आहे असं लिहिलं आहे. त्याआधी कर्नल पुन्हा बांधू नका. ६४ फ्रेम्स आणि ३ पीरियड, जॅकला ७५, युएसबीच्या थ्रेडला ८५, वायफाय बंद, आणि झोप अडवणारा तो छोटा प्रोग्रॅम, एवढंच लावा आणि शुक्रवारच्या तालमीत तीन तास चालवा. एकही एक्सरन आला तर शनिवारी १२८ फ्रेम्सवर जा, गायकाला आधी सांगून. ट्रेससाठी पुढचा आठवडा आहे. तो घेतलात की एक्सरनच्या आधीच्या पाच मिलिसेकंदांचा तुकडा, इंटरप्ट्स फाइल आणि म्यूटनंतरचे सेकंद एवढं मला पाठवा, मी नीट बघून सांगतो.